दोनशे सात नंबरचा अभिप्राय

रहस्यकथा वाचणाऱ्याला आपल्याकडे अजून हलकं समजतात. मुलगी दाखवताना तिला वाचनाची आवड आहे असं कौतुकानं सांगतात, पण ती खुनाच्या गोष्टी वाचते असं कुणी सांगत नाही. मी सांगितलं होतं. बघायला आलेल्या पाव्हण्यांनी काय वाचतेस विचारलं, तेव्हा मी म्हटलं, खून, दरोडे, भुताटकी, मिळेल ते. वडिलांनी मान खाली घातली. नवऱ्यामुलाला मात्र हसू आलं, आणि नेसरीतून मी कोल्हापुरात आले ती त्या हसण्यावर. तेव्हाही मला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आज तर अजिबात वाटत नाही.

नव्वदीच्या दशकात, लग्नाला तीन-चार वर्षं झाल्यावर, आमच्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर लागले. खाली पिठाची गिरणी आणि वर वाचनालय. गिरणी सुरू झाली की वरच्या फळ्या थरथरायच्या आणि पुस्तकांवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर बसायचा. समितीतले लोक त्या गिरणीला नावं ठेवायचे. मी कधी ठेवली नाहीत, कारण आमचे निम्मे वाचक तिनंच दिले होते. बायका दळणाचा डबा खाली रांगेत लावायच्या आणि नंबर येईस्तोवर वर येऊन पुस्तक बदलून जायच्या. कुठं गेली होतीस विचारलं तर दळणाला, एवढंच उत्तर पुरायचं. नव्या सुनासुद्धा महिन्याभरात ही युक्ती शिकायच्या.

माझ्या आधी तिथं एक म्हातारे ग्रंथपाल होते. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. त्याच्या आधी वाचक पुस्तकातच काहीबाही खरडायचे. विसाव्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवायचा, 'खुनी डॉक्टर आहे', आणि पुढच्या वाचकाच्या आठवड्याचं वाटोळं व्हायचं. यावरून दोघा जुन्या सभासदांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, तेव्हा ग्रंथपालांनी खळ शिजवली आणि प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवला. म्हणाले, काय लिहायचं ते इथं लिहा. पण पुस्तक पुरं वाचूनच लिहायचं, नाव न घालता फक्त सभासद नंबर घालायचा, आणि खुनी कोण ते फोडायचं नाही. त्या कागदाला लोक 'शेपूट' म्हणायला लागले. मी लागले तेव्हा शेपूट बघितल्याशिवाय कुणी पुस्तक घरी नेत नव्हतं. पुस्तक उचलायचं, उलटं करायचं, मागचा पुठ्ठा उघडायचा, मग ठरवायचं.

ती शेपटं वाचण्यात माझ्या दुपारी जायच्या. एका रहस्यकथेवर अकरा नंबरनं लिहिलं होतं, 'खुनी मला तिसऱ्या पानावर कळला. लेखकाला कळायला दोनशे पानं लागली.' एका भयकथेवर कुणीतरी, 'भुताचं म्हणून नेलं. शेवटी भूत म्हणजे दिवाणजी निघाला. ही भुताची बदनामी आहे.' पहाटे पाचला उठायला सांगणाऱ्या एका पुस्तकावर जवळच्या वाशी गावातल्या एका सभासदानं लिहिलं होतं, 'आम्ही चारला उठतो. म्हशी हायत. पुढं काय करायचं ते लेखकानं लिवलेलं न्हाई.' पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत मोठमोठी परीक्षणं यायची, तीही मी वाचायचे. पण परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक फुकट आलेलं असतं आणि लेखक लग्नकार्यात भेटणार असतो. आमच्या वाचकाला लेखक कुठंच भेटणार नव्हता. तो बिनधास्त लिहायचा.

रहस्यकथा वाचणारा अडाणी असतो हे ज्यांना वाटतं त्यांनी कधी त्याचं शेपूट वाचलेलं नसतं. कवितेत दोन ओळी ढिल्या पडल्या तर वाचक सोडून देतो. रहस्यकथेत चौथ्या पानावर मागचं दार आतून बंद होतं आणि नव्वदाव्या पानावर त्याच दारातून माणूस आला, तर आमचा वाचक लेखकाला कोर्टात खेचायच्या तयारीनं लिहायचा.

या सगळ्यांत वजन होतं ते दोनशे सात नंबरला.

दोनशे सात म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीवरचं. कपाळाला विभूती, इरकली लुगडं, आणि हातात पितळी डबा. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. घरात माणसं वीस-बावीस, नोकर वेगळे, तरी दळणाला त्या स्वतः यायच्या. कारण उघड होतं. पिठावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर पुस्तक ठेवायचं आणि झाकण लावायचं, असं त्यांचं वाचन घरी जायचं. त्यांच्याकडून परत आलेलं पुस्तक झटकलं की टेबलावर पीठ पडायचं.

अक्का लांबलचक लिहायच्या नाहीत. त्यांचे तीनच अभिप्राय ठरलेले. 'वेळ गेला.' 'वेळ बरा गेला.' आणि क्वचित कधी, 'परत नेणार.' हे तिसरं त्यांनी माझ्या सहा वर्षांत मोजून चार पुस्तकांना दिलं. त्या चारही पुस्तकांची बांधणी मला पुन्हा करून घ्यावी लागली, इतकी ती फिरली. नवं पुस्तक आलं की लोक टेबलाशी येऊन विचारायचे, "दोनशे सातनं वाचलं का?" वाचलं नसेल तर थांबायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुमच्या शब्दावर साठ-सत्तर माणसं पुस्तक नेतात बघा."

त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "घरात आज वांगं करू का बटाटा करू, ह्ये बी मला कोण इचारत न्हाय. मीच करतो, तरी बी. हितं तेवढं इचारत्यात." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, मी करतो, मी जातो. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

दुसरा एक सांगितलाच पाहिजे. चारशे चाळीस नंबर. नंबरावरून सगळे त्याला करंट म्हणायचे. तालमीतला पोरगा, गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. त्यानंतर वर्षभर त्यानं आमच्याकडची सगळी स्वतःला घडवायची पुस्तकं वाचून काढली. मन कसं जिंकावं, जग कसं जिंकावं, भीती कशी घालवावी. मला ती पुस्तकं आवडत नाहीत, त्यांत गोष्टच नसते. पण एका जाडजूड पुस्तकाच्या शेपटावर त्यानं लिहिलेलं मी वाचलं, 'चांगलं आहे. गुडघ्याबद्दल काही नाही', आणि त्या दिवसापासून त्या पुस्तकांची थट्टा मी जरा कमी केली. त्याला ती गोष्टीसाठी नको होती. पुढं काय करायचं हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि घरात सांगणारं कुणी नव्हतं.

आता सरांकडे येते.

सर म्हणजे वाचनालयाचे कार्याध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. मला नोकरी त्यांनीच दिली होती, हे मी कधी नाकारलं नाही. पण सहा वर्षं झाली तरी मी हंगामीच होते. दर वर्षी कागद नवा, दर वर्षी धाकधूक नवी. नवऱ्याच्या फौंड्रीत कधी तीन पाळ्या, तर कधी तीन-तीन आठवडे गेटला कुलूप. माझी नोकरी कायम होणं ही आमच्या घरात देवाला सांगायची गोष्ट झाली होती. त्या वर्षी सर म्हणाले, येत्या बैठकीत तुमचा विषय घेतो, बाई. मी घरी जाऊन गोड शिरा केला.

त्याच वर्षी सरांनी पुस्तक लिहिलं. प्रेरणादायी. नावात शिखरही होतं आणि झेपही. स्वतःच छापलं आणि वाचनालयाला आठ प्रती भेट दिल्या. लोकांनी सरांचं म्हणून नेलं आणि सरांचं आहे हे विसरून शेपटावर लिहिलं. अकरा नंबरनं लिहिलं, 'रहस्य नाही, सस्पेन्स नाही, तरी शेवटपर्यंत कळलं नाही की सांगायचं काय आहे.' करंटनं लिहिलं, 'सर वर या वर या म्हणतात. शिडी कुठाय ते सांगत नाहीत.' एका बाईंनी, 'झोप चांगली लागली.' अक्कांनी ते नेलंच नव्हतं.

एका दुपारी सर टेबलाशी आले. बाहेरगावच्या एका संस्थेनं वाचकप्रिय पुस्तकासाठी पुरस्कार ठेवला होता. पुस्तकासोबत वाचकांचे दहा अभिप्राय जोडायचे होते. सर अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, ते शेपूट काढून नवं लावा. आणि तुम्हाला सगळ्यांची लिहिण्याची तऱ्हा ठाऊक आहे. दहा चांगले अभिप्राय तयार करा. नंबर मात्र खरे घाला, ते लोक रजिस्टर बघायला मागतील."

मी परत आलेल्या पुस्तकांची चळत नीट लावायला लागले.

"बैठक पुढच्या महिन्यात आहे," सर म्हणाले, आणि चष्मा पुसत खाली गेले.

मी लिहिले. कुणी बंदूक लावली नव्हती, मी माझ्या हातानं लिहिले. आणखी लाजिरवाणी गोष्ट सांगते, मला त्यात मजा आली. अकरा नंबरचं तिरकं बोलणं, करंटची अर्धी वाक्यं, तिसऱ्या एका आजोबांची अलंकारिक भाषा, मी सगळं हुबेहूब उतरवलं. वेगवेगळी पेनं घेतली. नववा झाल्यावर एक जागा उरली. हात आपोआप चालला. मी लिहिलं, 'परत नेणार. — २०७.'

सरांनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. एक पुरस्काराला गेली आणि उरलेल्या त्यांनी हौसेनं बाकीच्या प्रतींना लावायला सांगितल्या. तिथं घोळ झाला. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं की लोक ते वाचतील. लोकांनी वरच्या नऊ सोडून थेट दहावी ओळ वाचली आणि आठही प्रती चार दिवसांत बाहेर गेल्या. नावनोंदणीची यादी लागली. हातकणंगल्याहून रेल्वेनं कामाला येणारी एक नर्स दोनदा हेलपाटे घालून गेली. सर खूश. यादीत नावं मलाच लिहावी लागत होती.

मग पुस्तकं परत यायला लागली. कुणी काही लिहीत नव्हतं. टेबलावर पुस्तक ठेवायचे आणि म्हणायचे, "दोनशे सातला झालंय तरी काय?" गिरणीच्या रांगेतही तीच चर्चा. अक्कांचं वय झालं. अक्कांना आता कळेनासं झालं. सरांनी काही दिलं असेल. लोकांची जीभ, तिला हाड कुठं असतं.

शनिवारी अक्का आल्या. डबा खाली न ठेवता हातात घेऊनच वर आल्या. एक प्रत मागितली, मागचा पुठ्ठा उघडला, बोट लावून दहा ओळी वाचल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्ये मी लिवलो न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये पुस्तक मी हातात बी घेतलो न्हाय."

त्या वेळी करंट कपाटाशी उभा होता. तो मागं एकदा अक्कांच्या तीन अभिप्रायांची नक्कल करून सगळ्यांना हसवत होता, ते त्यांच्या लक्षात होतं. त्या त्याच्याकडे वळल्या. "तू लिवलास. थट्टा कराय माझाच नंबर घावला व्हय रं तुला?"

"न्हाई ओ अक्का. आईशप्पत न्हाई."

"मग अक्षार कसं माझ्यागत आलं? रांगेत बायका मला हसत्यात. माझ्या तोंडात दुसऱ्याची भाषा घातली कुणी तरी."

करंट एवढा मोठा पैलवान, भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी बघितलं असावं, कारण मी रोज तिथंच असायचे, कुणी काय लिहिलं ते मला माहीत असणार. मी रजिस्टरमध्ये मान घातली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी खोटे अभिप्राय लिहिले ते सांगणार नाही. मी ती मान घातली ते सांगेन.

अक्कांनी कनवटीचं सभासद कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ह्ये घ्या. माझा नंबर बंद करा. आता मी काय बी लिवलो तरी लोक इचारणार, ह्ये खरं का खोटं." आणि त्या जिना उतरल्या. करंटही गेला. त्यानं हातातलं पुस्तक तिथंच ठेवलं.

त्या रात्री नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याची फौंड्री तेव्हा बंदच होती. त्यानं विचारलं, "बैठक कधी हाय?" मी म्हटलं, आठ दिवसांनी. तो म्हणाला, "मग आठ दिवस गप बस." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरी पीठ कोण आणणार हे त्याला दिसत होतं. मला अक्कांचं कार्ड दिसत होतं.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी. मी अक्कांच्या घरी गेले. मोठं घर, ओसरीवर रचलेल्या गुळाच्या रव्यांचा वास, सुनांची लगबग. एका सुनेनं विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, अक्का. ती म्हणाली, "त्यांच्याकडं काय काम?" घरात त्यांच्याकडे कुणाचं काम असू शकतं हेच तिला नवल वाटलं. अक्का परसात भांड्यांशी होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. करंटनं नाही, मी लिहिलं. सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं. नोकरी कायम व्हायची होती म्हणून लिहिलं.

त्यांनी हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मला वाटलं होतं रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही.

"त्या पोराला मी नाय नाय ते बोललो," त्या म्हणाल्या. "तू बसलीस की तिथं. ऐकत."

"हो."

"मग आता माझी माफी मागून काय उपेग? माझ्या नावावर खोटं लिवलंस कुठं? कागदावर. मग खरं बी तिथंच लिव. आठ पुस्तकावर लिवलंस, आठावर लिव. तुझ्या नंबरानं न्हाय, तुला नंबरच न्हाय. नावानं लिव."

"अक्का, नोकरी जाईल."

"जाईल की," त्या म्हणाल्या. इतक्या साधेपणानं की मला त्यांचा राग आला. पैशाच्या घरात बसून असं बोलणं सोपं असतं, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मग परसात त्या एकट्या आणि आत वीस माणसं, कुणीही बाहेर डोकावलं नव्हतं, ते माझ्या ध्यानात आलं, आणि मी तोंड मिटलं.

मंगळवारी मी आठही प्रती गोळा केल्या. काही वाचकांच्या घरी जाऊन आणल्या. प्रत्येक शेपटावर, दहाव्या ओळीखाली, शाईनं लिहिलं, 'वरचे दहाही अभिप्राय वाचकांचे नाहीत. ते मी लिहिले आहेत.' खाली माझं पूर्ण नाव. पुरस्कारवाल्या संस्थेला तेच लिहून एक पोस्टकार्ड टाकलं. मग तालमीत गेले. बाईमाणूस तालमीत येत नाही, म्हणून दाराबाहेर उभी राहिले आणि करंटला बाहेर बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, मला वाटलंच हुतं. माझं अक्षार तुमच्याएवढं चांगलं न्हाई." मग हसला. मला हसता आलं नाही.

रविवारी बैठक झाली. नऊ माणसं, एक चहाची किटली आणि मधोमध सरांचं पुस्तक, शेपूट उघडं करून ठेवलेलं. मला उभंच ठेवलं. एकानं विचारलं, हे असं लिहायची तुम्हाला परवानगी कुणी दिली? मी म्हटलं, "वरचं लिहायला सरांनी दिली. खालचं लिहायला कुणाची लागत नाही."

सर चिडले नाहीत. शाळेत चुकलेल्या मुलीशी बोलावं तसं बोलले. "बाई, तुम्ही भावनेच्या भरात फार मोठं केलंत. हे वाचक कोण आहेत? खुनाच्या गोष्टी वाचणारे, दळणाला येणाऱ्या बायका. यांच्या मतावर काही साहित्य ठरत नाही. त्यांच्या मताला किंमत ती काय?"

सहा वर्षं मी त्या माणसासमोर हो सर, बरं सर एवढंच बोलले होते. पण ते वाक्य ऐकलं आणि मस्तकात गेलं. मी म्हटलं, "किंमत नाही तर मग खोटं लिहून घ्यायला त्यांचेच नंबर कशाला लागले, सर? तुमच्या बरोबरीच्या प्राध्यापकांचे नंबर होते की. त्यांचे नाही सांगितलेत घालायला."

खाली गिरणी चालू होती, फळ्या थरथरत होत्या. मी पुढं म्हटलं, मी चूक केली, ती माझ्या नावानं कागदावर आहे. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. ते लिहायचं की नाही तुम्ही ठरवा.

समितीनं ठरवलं ते असं. माझी नेमणूक महिनाअखेरीस संपेल, पुढं वाढणार नाही. आणि शेपटाची पद्धत बंद. सगळ्या पुस्तकांचे मागचे कागद जाण्याआधी मी काढून टाकायचे.

नोकरी गेली याचं मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पुढची दोन वर्षं मी घरी शिवणकाम केलं आणि कितीदा तरी मशीनवर बसून मनात हिशेब मांडला की गप्प बसले असते तर. खोटं कशाला सांगू. पण कागद काढायचं काम मी केलं नाही. बावीस दिवस होते माझ्याकडे. रोज जाऊन टेबलाशी बसायचे, पुस्तकं द्यायचे-घ्यायचे, आणि लोकांना म्हणायचे, लिहा, पेन हवं का? माझ्यानंतर आलेल्या माणसाला दोन हजार पुस्तकांचे पुठ्ठे खरवडायचा कंटाळा आला असावा. अगदी पुढच्या दशकात, संगणक आल्यावरसुद्धा, कपाटातलं जुनं पुस्तक उलटं केलं की शेपूट असायचं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात अक्का आल्या. कार्ड परत मागितलं. मी ड्रॉवरमधून काढून दिलं, बंद केलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते पुस्तक दे."

"कुठलं?"

"मास्तरांचं. वाचल्याबिगर मत कसं देणार?"

मी म्हटलं, अक्का, कशाला आता. त्या म्हणाल्या, "तू माझ्या नावानं न वाचता लिवलीस. मी पण न वाचताच वाईट म्हटलो तर तुझ्यात नि माझ्यात फरक काय राहिला ग?" डब्यात वर्तमानपत्र घातलं, पुस्तक ठेवलं, झाकण लावलं आणि गेल्या.

तीन दिवसांनी परत आल्या. पुस्तक झटकलं, पीठ पडलं. माझ्याच शाईच्या ओळीखाली त्यांनी बसून लिहिलं. पहिल्यांदाच तीन अभिप्रायांच्या बाहेरचं लिहिलं. 'दुसरं प्रकरण, आईचं, चांगलं आहे. रडू आलं. बाकी वेळ गेला. — २०७.'

ते प्रकरण मी धड वाचलंच नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळ्यांसारखीच मी पहिलं वाचून पुस्तक मिटलं होतं. मी ते तिथंच वाचलं. सरांची आई दुसऱ्याच्या शेतावर तण भांगलायला जायची आणि पोराला बांधावर बसवून त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, तिला वाचता येत नव्हतं म्हणून. त्यात शिखर नव्हतं, झेप नव्हती, कुणाला काही शिकवलं नव्हतं. अक्कांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. बैठकीनंतर ते माझ्याशी बोलले नव्हते. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी कपाटातून ती प्रत स्वतः काढली, उलटी केली आणि खिडकीपाशी नेऊन वाचली. बराच वेळ पाठमोरे उभे होते. मग टेबलाशी आले.

"दुसरं प्रकरण," ते म्हणाले. "त्यांनी खरंच लिहिलंय हे? तुम्ही नाही?"

"मी नाही, सर. दळणाला येणाऱ्या बाईंनीच लिहिलंय."

त्यांनी ते ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "हा कागद मला काढून द्या, बाई. नाहीतरी कागद काढायचा ठरावच झालाय."

आवाजात हुकूम नव्हता. मला त्यांची दया आली, हेही सांगते. सत्तरीच्या माणसाला पुस्तकभर उपदेश करून झाल्यावर कुणीतरी त्याच्या आईबद्दल चांगलं बोललं होतं, आणि त्याला तेवढा तुकडा घरी न्यायचा होता. देऊन टाकला असता तर कदाचित त्यांनी माझा विषय पुन्हा काढलाही असता. ते आम्हा दोघांनाही समजत होतं.

मी म्हटलं, "अभिप्राय वाचकाचा आहे, सर. तो पुस्तकाबरोबर राहतो. तुम्हाला हवा असेल तर पुस्तक नावावर घ्या."

सरांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून स्वतःचं सभासद कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी त्यावर त्यांच्याच पुस्तकाचा नंबर लिहिला, तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं.

"पंधरा दिवसांत परत आणा, सर," मी म्हटलं. "पुढचे वाचक थांबलेत."